कोल्पॅक, पौंड आणि घसरता रँड: थोडी पार्श्वभूमी

साऊथ आफ्रिकेचे चांगले चांगले प्लेयर ऐन फॉर्मात देश सोडून इंग्लिश काउंटीत जायचे तेव्हा आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींची, कोटा (टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी ठरवलेल्या जागा) आणि गद्दारी. रँडचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, कोणी नावच काढायचं नाही, आणि माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच आहे.

1970 च्या दशकात वर्णभेदामुळे साऊथ आफ्रिकेवर बंदी होती म्हणून तिथले लोक काउंटीत खेळायचे तेव्हा एक रँड डॉलरपेक्षा भारी होता. 1985 मध्ये तो 40 सेंटच्याही खाली गेला, 2001 च्या शेवटी परत जोरात आपटला.

आता कोल्पॅक, कारण ह्या शब्दाचा जाम गोंधळ आहे. बऱ्याच जणांना वाटतं हा क्रिकेटचा नियम. हे एका स्लोव्हाक हँडबॉल गोलकीपरचं आडनाव आहे. तो जर्मनीत खेळायचा, त्याच्या लायसन्सवर परदेशी म्हणून 'ए' मारलेला, आणि मॅचमध्ये असे दोनच चालायचे. तो कोर्टात गेला आणि मे 2003 मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की ज्या देशाशी युरोपियन युनियनचा तसा करार आहे तिथला माणूस कायदेशीर नोकरीला असेल तर त्याला असं वेगळं काढता येणार नाही. आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियन देशांशीपण करार होता, म्हणून साऊथ आफ्रिका, झिम्बाब्वेवाल्यांना परदेशी न मोजता काउंटीचं दार उघडलं. म्हणजे कोल्पॅक हा व्हिसा नाही, नागरिकत्व नाही, इंग्लंडकडून खेळायची परवानगी तर नाहीच नाही. उलट स्वतःच्या देशाकडून खेळणं सोडावं लागायचं.

एवढं सोडून माणूस का जातो? झिम्बाब्वेत जुलै 2008 ला महागाईचा सरकारी आकडा 23 कोटी टक्के होता, जानेवारी 2009 ला 100 ट्रिलियनची नोट निघाली, एकावर 14 शून्य. असल्या चलनात कोण काय साठवणार. साऊथ आफ्रिकेचं इतकं वाईट नव्हतं, पण हिशोब करून बघा, 1 लाख पौंड 2011 मध्ये घरी पाठवले तर 11-12 लाख रँड व्हायचे आणि जानेवारी 2016 मध्ये जवळपास 24 लाख. ओव्हर तेवढ्याच, पैसे दुप्पट. अर्थात ज्याचं घर, होमलोन, आईवडील तिकडे त्यालाच हा फायदा, इंग्लंडमध्येच राहून खर्च करणाऱ्याला पौंड तो पौंडच.

जानेवारी 2017 मध्ये टेस्ट सिरीज चालू असताना साऊथ आफ्रिकेच्या दोघांनी, काइल अ‍ॅबट आणि रायली रुसोने, एकदम काउंटीचे करार जाहीर केले तेव्हा केवढा राडा झाला. काही महिने आधीच, सप्टेंबर 2016 मध्ये, बोर्डाने टीमसाठी कोट्याचं टार्गेट ठरवलं होतं म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटलं. मला हे पटत नाही. खरं तर ब्रेक्झिटच्या मतदानानंतर पौंडही पडला होता, जानेवारी 2016 मधल्या 24 रँडवरून 17 च्या आसपास आलेला, तरी ते गेले. कारण रेट खालीवर होतो पण काही वर्षांचा लेखी करार आणि तोही पौंडात, हे घरच्या बोर्डाला देणं शक्यच नव्हतं. पंधरा वर्षं रँड घसरताना बघितलेल्या पोरांना दोष कसा द्यायचा?

ब्रेक्झिटमुळे 2020 संपताना कोल्पॅकही संपलं. त्या दोघांपैकी डावखुरा बॅट्समन परत आला आणि ऑक्टोबर 2022 ला इंदूरला आपल्याविरुद्धच सेंच्युरी मारून गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात तिथल्या नव्या टी-20 लीगचा पहिला लिलाव झाला, बोली रँडमध्ये, सगळ्या सहा टीम आयपीएलवाल्यांच्या. सगळ्यात महागडा गेला तो घरचाच तरुण पोरगा, 92 लाख रँडला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेचार लाख पौंड, आणि ते मिळवायला देश सोडावा लागला नाही.