हवामान प्रारूपे आणि बेळगाव सीमाभागातील अतिवृष्टी

वातावरण, समुद्र आणि जमीन यांच्यात चालणारी उष्णता, वारा व बाष्पाची देवाणघेवाण भौतिकशास्त्राच्या समीकरणांत मांडून ती महासंगणकावर सोडवणारी आज्ञावली म्हणजे हवामान प्रारूप. त्यासाठी पृथ्वीचे चौकोनी खण पाडतात आणि प्रत्येक खणातील तापमान, दाब, आर्द्रता ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही असे जागतिक प्रारूप विकसित केले आहे.

जागतिक प्रारूपातला खण साधारण 100 किमी रुंद असतो. बेळगावला अडचण येते ती इथेच. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सुमारे 150 किमीवरचे अथणी पर्जन्यछायेत, दुष्काळाच्या धास्तीत. एवढ्या मोठ्या खणात सह्याद्रीचा कडा बोथट होतो आणि घाटाचा जोरदार पाऊस सरासरीत विरतो. म्हणून जागतिक प्रारूपाचा आकडा जसाच्या तसा तालुक्याला लावणे चूकच. प्रादेशिक प्रारूपे खण लहान करतात, पण खणाची रुंदी निम्मी केली की गणिते सुमारे आठपट वाढतात. खण 4 किमीपेक्षा लहान झाला, तरच पावसाचे मोठे ढग थेट समीकरणांतून उभे राहतात; एरवी त्यांचा परिणाम ठोकताळ्याच्या सूत्रांनी धरावा लागतो.

हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. अतिवृष्टी वाढण्याचे मूळ यात आहे. अमुक पावसात तापमानवाढीचा वाटा किती, हे पाहण्यासाठी प्रारूप दोनदा चालवतात: आजच्या हरितगृह वायूंसह आणि औद्योगिक काळापूर्वीच्या प्रमाणासह. दोन्हींत तसा पाऊस किती वेळा पडतो, याची तुलना होते. उत्तर शक्यतेच्या भाषेत मिळते, तारखेच्या नव्हे.

सीमाभागाचा महापूर बऱ्याच अंशी सीमेपलीकडे तयार होतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या वरच्या पाणलोटात दिवसेंदिवस पाऊस झाला आणि चिकोडी, निपाणी, अथणीकडची गावे पाण्याखाली गेली. त्यामुळे प्रारूपाने एका दिवसाचा उच्चांक देऊन भागत नाही. सलग काही दिवसांचा साठा, नदीचा प्रवाह आणि धरणांचा विसर्ग यांची सांगड घालावी लागते. दोन राज्यांनी हे गणित एकत्र मांडायला हवे.

उष्णतेच्या लाटांबाबत प्रारूपांचे बरेच एकमत आहे. एप्रिल-मेमधल्या वळवाबाबत मात्र खात्री कमी, कारण त्याचा ढग काही किलोमीटरांचाच असतो आणि तासाभरात बरसून मोकळा होतो.