एका मैलाला किती सेकंद?

29 एप्रिल 1899. पॅरिसजवळच्या आशेर इथल्या सरळ रस्त्यावर कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने विजेवर चालणारी, टॉर्पेडोच्या आकाराची आपली गाडी ताशी 105.88 किलोमीटर वेगाने पळवली. ताशी शंभरचा टप्पा ओलांडणारी ती पहिली मोटारगाडी. आता हा आकडा उलटा सोडवून पाहा. तासाचे 3600 सेकंद भागिले 105.88, म्हणजे किलोमीटरला बरोबर 34 सेकंद. त्याच रस्त्यावरचे आधीचे विक्रम घ्या: 92.78 म्हणजे 38.8 सेकंद, 80.35 म्हणजे 44.8, 70.31 म्हणजे 51.2. सगळ्या वेळा 0.2 च्या पटीत! टाइमकीपरच्या हातातलं घड्याळ सेकंदाचे पाचच भाग दाखवत होतं, हे विक्रमांचे आकडेच सांगून जातात.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. विक्रमाच्या पानावर छापलेला वेग कोणी थेट मोजलेला नसतो. मोजलेलं असतं अंतर आणि वेळ. वेग हा त्यांचा भागाकार. म्हणून वेगाच्या स्पर्धेत चालकाइतकाच महत्त्वाचा माणूस असतो चीफ टाइमकीपर. त्याने सही केल्याशिवाय गाडी किती वेगाने गेली याला काही अर्थ नसतो.

त्याचं काम घड्याळापेक्षा आधी सुरू होतं, रस्त्यापासून. मोजणीच्या किलोमीटरमध्ये एका मीटरची चूक राहिली, तर वेगात हजारात एकाची चूक आपोआप शिरते. मग येतात प्रकाशकिरण. रस्त्याच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा फोटोसेल. गाडीने किरण तोडला की नोंद होते. फोटोसेल जागं व्हायला सूक्ष्म का होईना, वेळ घेतोच. पण सुरुवातीला आणि शेवटी एकाच जातीचे सेल वापरले, तर दोन्हीकडचा उशीर सारखाच असतो आणि वजाबाकीत निघून जातो. दोन्ही नोंदी एकाच घड्याळावर घेण्यामागेही हाच विचार. ते घड्याळ पाच सेकंद पुढे असलं तरी बिघडत नाही, त्याची चाल तेवढी सम हवी.

खरी गंमत पुढे आहे. किरण नेमका तोडतं कोण? इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शच्या चढावर 1905 पासून गाड्या एकेकट्या घड्याळाविरुद्ध धावतात. अंतर हजार यार्ड, म्हणजे सुमारे 914 मीटर. सुरुवातीला किरण पुढच्या चाकाने तुटला आणि शेवटी गाडीच्या नाकाने, तर मोजलेलं अंतरच बदललं. ताशी 200 किलोमीटरला सेकंदाच्या शंभराव्या भागात गाडी 56 सेंटीमीटर पुढे जाते, आणि तिथे निकाल शंभराव्या भागावर लागतात. म्हणून ब्रिटनमधल्या अशा स्पर्धांत गाडीच्या पुढे एक उभी पट्टी लावावी लागते, टाइमिंग स्ट्रट. उंची 254 मिलिमीटर, रुंदी 51. दोन्ही बाजू काळ्या आणि बिनचकाकीच्या, म्हणजे प्रकाश परावर्तित होऊन सेल फसणार नाही. दोन्ही टोकांना किरण तोडणार ती हीच पट्टी. इतकी साधी वस्तू, पण तिच्यामुळे सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात.

जमिनीवरच्या सर्वोच्च वेगाच्या विक्रमाला आणखी एक अट आहे: त्याच पट्ट्यावर उलट दिशेनेही धावायचं. वारा जाताना पाठीशी असेल तर येताना तोंडावर येतो, उताराचा फायदाही फिटतो. मग सरासरी. जाताना ताशी 60, येताना ताशी 40, तर सरासरी किती? शाळेत 50 लिहून आपल्यापैकी कित्येकांनी गुण घालवले आहेत. उत्तर 48, कारण हळू धावेला वेळ जास्त लागतो. बेरीज वेळांची करायची, वेगांची नाही.

आणि दोन्ही फेऱ्या एका तासाच्या आत. 13 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेतल्या नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात ब्रिटनच्या थ्रस्ट एसएससी या जेट गाडीने ध्वनीचा वेग ओलांडला होता. पण परतीची फेरी तासाच्या मुदतीपेक्षा सुमारे एका मिनिटाने उशिरा झाली. विक्रम नाही. वाळवंटात उभ्या असलेल्या टाइमकीपरने तेव्हा सवलत दिली नाही, याचा मला आदर वाटतो. वारा बदलायला अवधी मिळू नये म्हणून मुदत. ती एकदा सैल केली की पुढच्या प्रत्येक आकड्यावर शंका.

दोन दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, चालक अँडी ग्रीनने त्याच गाडीतून दोन्ही फेऱ्या वेळेत पूर्ण केल्या. एका मैलाची सरासरी ताशी 1227.985 किलोमीटर, ध्वनीच्या वेगाच्या जेमतेम दोन टक्के वर. उलटा भागाकार करा: मैलाला सुमारे 4.718 सेकंद. इथे सेकंदाच्या एका हजाराव्या भागाने वेग ताशी पाव किलोमीटर बदलतो. आशेरचं घड्याळ तिथे असतं तर त्याने 4.6 तरी दाखवले असते, नाहीतर 4.8. पहिल्याचे होतात ताशी 1259 किलोमीटर, दुसऱ्याचे 1207. आणि त्या सकाळी वाळवंटातल्या हवेत ध्वनीचा वेग होता जवळपास 1204.