पोट नळीने भरतंय, मग तोंडाचं काय?

तोंडाने पुरेसं खाता येत नाही म्हणून लेकरू नळीवर असलं, म्हणजे त्याचं अन्न नळीने थेट पोटात जात असलं, की घरात एक वही असते, सकाळी ७ ला १५० एमएल, १० ला १५० एमएल, आणि सगळा दिवस त्या आकड्यांवर चालतो. ते बरोबरच आहे, नळीनेच तर ते जगतंय. १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की या दोन डॉक्टरांनी पोट न फाडता, दुर्बिणीच्या मदतीने थेट जठरात नळी बसवायची पद्धत शोधली, तीसुद्धा लहान मुलांसाठीच. पण नळी पोट भरते, तोंडाला काही शिकवत नाही, आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

वेळेआधी जन्मलेलं बाळ घ्या. नाकात नळी, गालावर चिकटपट्टी, घशात सक्शन (कफ ओढून काढणारी नळी), म्हणजे तोंडाजवळ जे काही आलं ते त्रासच देऊन गेलं. त्यात साधारण ६ ते १० महिन्यांचं वय, जेव्हा बाळं मऊ गोळे, कण तोंडात घोळवायला शिकतात, ते हॉस्पिटलच्या फेऱ्यांत निघून जातं. इलिंगवर्थ आणि लिस्टर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६४ मध्येच लिहिलं होतं की चावायला शिकायचा एक नाजूक काळ असतो, तो हुकला तर पुढे फार जड जातं. कारण पातळ पेज गिळायला जीभ नुसती पुढे-मागे हलली तरी भागतं, पण भाताचं शीत आलं की ते बाजूला दाढेखाली सरकवावं लागतं, आणि ज्या जिभेला ते माहीतच नाही ती सरळ उबकाई काढते. हा हट्ट नाहीये हो, शिकायचं राहून गेलंय. म्हणून "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल" असं कोणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका.

आपल्याला सगळ्यात सोपा वाटणारा वरणभात अशा मुलाला सगळ्यात अवघड जातो, कारण एका घासात पातळही आहे आणि कणही. त्यापेक्षा एकसारखं घट्ट दही किंवा पुरणयंत्रातून काढलेला गुरगुट्या भात बरा. तो जमला की तोच भात, तीच चव, फक्त काट्याने कुस्करलेला. चव आणि पोत दोन्ही एकदम बदलू नका. नवीन पदार्थ मुलांना ८-१०, कधी १५ वेळा समोर यावा लागतो, आणि नुसता हात लावला तरी ती एक वेळ झाली. मात्र तोंडाने काहीही देण्याआधी गिळण्याची तपासणी झालेलीच हवी. काही मुलांचं अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकलासुद्धा येत नाही, वरून काही कळतच नाही.

आता पोषणाचा हिशोब. समजा मूल १२ किलोचं आहे. नेहमीच्या सूत्राने पहिल्या १० किलोला १००० एमएल आणि वरच्या २ किलोला १००, असं दिवसाला ११०० एमएल पाणी लागतं. साधा फॉर्म्युला, म्हणजे नळीतून द्यायचं तयार पोषक दूध, १ एमएलला १ कॅलरी देतो आणि त्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे १००० एमएल दिला तरी २५० एमएल पाणी वेगळं द्यावं लागतं. दीडपट कॅलरीवाला दिला तर ६७० एमएलमध्येच तेवढ्याच १००० कॅलरी पूर्ण होतात, पण पाण्याची तूट जवळजवळ ६०० एमएलवर जाते, मग बद्धकोष्ठ, आणि पोट साफ नसलं की भूक कुठून लागणार?

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. जी मुलं फारशी हलत नाहीत, उदा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी) असलेली काही मुलं, त्यांना कॅलरी कमी लागतात, म्हणून फॉर्म्युला कमी केला जातो, पण त्याबरोबर प्रोटीन, लोह, झिंक, कॅल्शियम सगळंच कमी होतं. वजन छान दिसतं आणि आत तूट राहते. झिंक कमी पडलं तर भूक आणि चवही मंदावते, म्हणजे तोंडाचं शिकणं अजून मागे. आहारतज्ज्ञांना हे मुद्दाम विचारा.

घरचं अन्न नळीतून चालतं का? जठराच्या नळीतून, डॉक्टरांच्या परवानगीने, हो. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या २०११ च्या एका अभ्यासात मिक्सरमधून बारीक केलेलं अन्न नळीने दिल्यावर ३३ मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांची उबकाई खूप कमी झाली. पण नाकातली ८ नंबरची नळी बाहेरून मोजली तरी पावणेतीन मिमीचीच असते, ती तुंबते. शिवाय आपण प्रेमाने देतो ते डाळीचं वरचं पाणी म्हणजे पोट भरलेलं आणि पोषण जवळपास नाहीच. त्याऐवजी मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ बघा, मोड येताना अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्च तोडतं, म्हणून थोडी निवलेली घट्ट खीर या चमचाभर पिठाने बघता बघता सैल होते, मग परत एक उकळी काढायची. पाणी न वाढवता पातळ! आजी लोकांची ही युक्ती बडोद्याच्या संशोधकांनी लहान मुलांच्या आहारासाठी नीट तपासलीसुद्धा आहे.

आणि नळीतून दूध जात असताना मूल एकटं खोलीत नको, सगळ्यांच्या पंगतीत बसू दे, बोटाला चाटायला थोडं दही लावा, म्हणजे पोट भरणं आणि चव यांची गाठ पडते. ताटलीतला भात त्याने नुसता चिवडला तरी तेही त्या वहीत लिहा, एमएलच्या शेजारीच.