शीतगृहातील फळांची प्रकाशाने तपासणी : ग्राहकांसाठी माहिती

शीतगृहातून काढलेला माल पहिल्या दिवशी निर्दोष दिसतो आणि गाळ्यावर दोन-तीन दिवस राहिल्यानंतर साल काळवंडते, खळगे पडतात, आंबा असेल तर तो नीट पिकतच नाही, अशी तक्रार कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील आमचे ग्राहक नेहमी करतात. ही सड नसून थंडीची इजा असते. आंबा आणि केळी ही उष्ण प्रदेशातील फळे असल्याने साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ राहिल्यास त्यांच्या पेशींची आवरणे बिघडतात. सफरचंदाला मात्र शून्याच्या जवळचे तापमान मानवते. म्हणूनच दोन्ही माल एका खोलीत ठेवू नयेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आमच्या तपासणीत फळ कापावे लागत नाही. कच्च्या, हिरव्या फळाला काही मिनिटे अंधारात ठेवून त्यावर प्रकाशाचा झोत टाकला की सालीतील हरितद्रव्य त्यातील थोडा भाग तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत फेकते. हा परिणाम जर्मन शास्त्रज्ञ हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये पानांमध्ये नोंदवला होता. परत आलेल्या प्रकाशाच्या सर्वाधिक आणि सुरुवातीच्या किमान पातळीतील फरकाला सर्वाधिक पातळीने भागले की एक गुणोत्तर मिळते; निरोगी पानात ते ०.८३ च्या आसपास असते. फळाच्या सालीत ते थोडे वेगळे असू शकते, म्हणून आम्ही त्याच लॉटमधील थंडीत न ठेवलेल्या फळांशी तुलना करतो. इजा झाली असेल तर डाग दिसण्याआधीच हा आकडा घसरू शकतो.

मात्र पिकताना हरितद्रव्य नैसर्गिकपणेच कमी होत असल्याने पिवळ्या हापूसवर या पद्धतीचा भरवसा धरता येत नाही. तेथे डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश वापरावा लागतो. तो सालीखालच्या गरात शिरतो आणि तेथील पाण्याच्या व पेशीरचनेच्या बदलानुसार कमी-अधिक परततो. कोयीलगतचा दोष मात्र त्यालाही निसटू शकतो. त्यामुळे शंका असलेल्या लॉटमधील काही फळे कापून पाहण्याची परवानगी आम्ही आपल्याकडे मागू.

करूळ किंवा फोंडा घाटातून आलेली पेटी थेट थंड खोलीत जाणार असेल, तर शक्यतो आत ठेवण्यापूर्वीच नमुना आमच्याकडे द्यावा, कारण तुलनेसाठी मूळ नोंद हाती असली की निष्कर्ष अधिक खात्रीचा होतो. फळाच्या तापमानानुसार अवरक्त प्रकाशाचे वाचन बदलते. म्हणून बाहेर काढलेली फळे खोलीच्या तापमानाला आल्यावरच तपासली जातील. नमुन्यासोबत खोलीच्या तापमानाची रोजची नोंद आणि माल आत ठेवल्याची तारीख अवश्य द्यावी.