स्पीकरची वायर आवाजात नेमकी कुठे ढवळाढवळ करते?

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्यामागच्या भिंतीपर्यंत सरळ अंतर असतं जेमतेम चार मीटर. पण होम थिएटरच्या मागच्या स्पीकरची वायर सरळ जात नाही. ती भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, केसिंग पट्टीतून फिरते आणि सहज दहा मीटर होते. प्रवाह जाऊन परत यायचा असतो, म्हणून त्याच्या वाटेत तांबं येतं वीस मीटर. केबलमुळे आवाजात पडणारा सगळ्यात मोठा फरक इथे आहे, आणि तो शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने कागदावर मांडता येतो.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. होम थिएटरच्या खोक्यात मिळणारी बारीक वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची धरली, तर वीस मीटरचा रोध होतो ०.६९ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे क्षुल्लक वाटेल. पण स्पीकरवर छापलेला आठ हा आकडा नाममात्र असतो. स्पीकरचा विरोध, म्हणजे इम्पिडन्स, कंपनसंख्येप्रमाणे बदलत राहतो. वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा, ज्या खालच्या सुराला स्वतःहून घुमतो तिथे तो तीस ओहमपर्यंत चढू शकतो, आणि त्याच्या थोडं वर, पुरुष गायकाच्या आवाजाचा भरणा असतो त्या पट्ट्यात, पाचाच्या आसपास उतरतो.

अ‍ॅम्प्लिफायरने दिलेला व्होल्टेज वायर आणि स्पीकर यांच्यात रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. ही बारीक वायर तीस ओहमच्या जागी फक्त ०.२ डेसिबल खाते, पाचच्या जागी १.१ डेसिबल. नुसता आवाज कमी झाला असता तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. इथे तोलच ढळतो: गाणारा जवळजवळ एक डेसिबल मागे सरकतो आणि डग्गा पुढे येतो. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला हा फरक कळतो. तीच वायर अडीच एमएमची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची, घेतली की दोन्ही पट्ट्यांतला फरक ०.२ डेसिबलवर येतो आणि काळजीचं कारण उरत नाही. वायरने काही फरक पडत नाही, असं सरसकट सांगणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

मात्र इथून पुढे महाग केबलच्या जाहिरातींतलं बरंचसं गळून पडतं. चांदीचा रोध तांब्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्के कमी. तेवढं काम किंचित जाड तांबं करतं. उच्च कंपनसंख्येचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो हे खरं, पण २० किलोहर्ट्झलासुद्धा तांब्यात त्याची खोली जवळजवळ अर्धा मिलिमीटर असते आणि अडीच एमएमच्या वायरची त्रिज्याच ०.९ मिलिमीटर. घरातल्या अंतरांना याने काही बिघडत नाही. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी एका शोधनिबंधात एबीएक्स चाचणीची पद्धत वर्णन केली: ए आणि बी यांपैकी कोणती वस्तू एक्स म्हणून चालू आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, बदलणाऱ्यालाही नाही. दोन केबलची तुलना करायची तर अशीच, दोन्हींची पातळी मोजून सारखी करून करावी. किंचित मोठा आवाज कानाला सहसा ‘चांगला’ वाटतो.

दुकानात विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे: आत तांबंच आहे ना? तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते आणि तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. एक धागा ब्लेडने खरवडला की आतला पांढरेपणा दिसतो. खाडीकाठच्या वाशी-नेरूळच्या दमट हवेत टोकांकडेही बघायला हवं. उघडं तांबं काळवंडतं, मग हिरवं पडतं आणि जोड ढिला असेल तर आवाज खरखरतो. काळवंडलेला तुकडा कापून नवं तांबं उघडं करावं आणि स्क्रू घट्ट पिळावा. ते करतानाच अधिक-उणे तपासा. एका स्पीकरची टोकं उलटी लागली तर दोन्ही वूफर एकमेकांविरुद्ध हलतात आणि बास जवळजवळ नाहीसा होतो.

अ‍ॅम्प्लिफायरला सेट-टॉप बॉक्स जोडल्याबरोबर सुरू होणारी ५० हर्ट्झची गुणगुण जाड केबलने जात नाही. अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग घरच्या प्लगमधून येतं, टीव्हीच्या केबलचं कुठेतरी गच्चीवरून. दोन्हींत थोडा व्होल्टेज असतो आणि सिग्नल केबलच्या आवरणातून प्रवाह वाहू लागतो. टीव्हीच्या केबलवर आयसोलेटर बसवला की तो थांबतो. काही जण त्यासाठी अर्थची पिन काढून टाकतात. तसं कधीही करू नका, जिवावर बेतू शकतं. गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात मंचावरून मिक्सरपर्यंत माइकची केबल कितीतरी लांब जाते, तरी गुणगुण येत नाही, कारण ती बॅलन्स्ड असते: दोन तारांत एकाच सिग्नलच्या उलटसुलट प्रती जातात, वाटेतला गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि पलीकडे वजाबाकीत निघून जातो.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर सिग्नल केबलची धारकताही (कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता; ती लांबीबरोबर वाढते) बघावी लागते. सीडी प्लेअरला ३०० पिकोफॅरड जाणवतही नाही. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या, म्हणजे रेकॉर्डवरची सुई धरणाऱ्या चुंबकाच्या भागाच्या, गुंडाळीची प्रवर्तकता (इंडक्टन्स) मात्र अर्ध्या हेन्रीच्या घरात असते. तिच्याशी २५० पिकोफॅरड जुळले की अनुनाद, म्हणजे एका ठरावीक कंपनसंख्येला येणारी उसळी, १४ किलोहर्ट्झला, ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच होतो. तिथे एक मीटरऐवजी दोन मीटर केबल जोडली तर झांजेचा आवाज खरोखर बदलतो.