सर्ज पन
पन, सर्ज : (१९५३ – ). म्यानमारमधील चिनी वंशाचे उद्योजक व योमा उद्योगसमूहाचे संस्थापक. बर्मी नाव थेइम वाय. बँक, जमीनविकास, वाहने, रुग्णालये, खाद्यगृहे आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा इतक्या निरनिराळ्या क्षेत्रांत त्यांचा समूह पसरलेला आहे.

त्यांचा जन्म रंगूनचा (आजचे यांगून). १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत खाजगी बँका, गिरण्या, दुकाने सरकारजमा झाली. असंख्य भारतीय व चिनी कुटुंबांनी त्या काळात देश सोडला. पन कुटुंब १९६५ मध्ये चीनला गेले. तेथे लवकरच सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. शहरी मुलांना ‘श्रमाचे धडे’ घेण्यासाठी खेड्यांत धाडले जाई, तसे कोवळ्या वयातल्या सर्ज यांनाही युन्नान प्रांतात पाठवण्यात आले. १९७३ मध्ये ते हाँगकाँगला पोहोचले. तेथील जमीन-इमारतींच्या व्यवहारात त्यांनी बस्तान बसवले आणि १९८३ मध्ये ‘सर्ज पन अँड असोसिएट्स’ ही कंपनी काढली.

१९८८ नंतरच्या लष्करी राजवटीने समाजवादी अर्थव्यवस्था गुंडाळून खाजगी भांडवलाला दारे किलकिली केली, तेव्हा १९९१ मध्ये पन मायदेशी परतले. १९९२ मध्ये ‘फर्स्ट म्यानमार इन्व्हेस्टमेंट’ (एफएमआय) आणि १९९३ मध्ये योमा बँक उभी राहिली. एफएमआयची रचना पहिल्यापासून जाहीर भागधारकांच्या कंपनीची होती. देशात शेअर बाजारच नव्हता, तरीही. यांगूनच्या पश्चिमेला लाइंगताया भागात त्यांनी बंगल्यांच्या वसाहती आणि प्रसिद्ध गोल्फपटू गॅरी प्लेअर यांनी आखलेल्या गोल्फ मैदानाभोवती ‘पन लाइंग’ ही श्रीमंतांची वस्ती वसवली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका प्रसंग २००३ चा. भरमसाट व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या अनधिकृत वित्तकंपन्या त्या वर्षाच्या सुरुवातीला कोसळल्या आणि घबराट खऱ्या बँकांपर्यंत पोहोचली. ठेवीदारांच्या रांगा लागल्या, पैसे काढण्यावर साप्ताहिक मर्यादा आल्या, आणि मध्यवर्ती बँकेने वेळेवर आधार देण्याऐवजी बँकांना त्यांनी लोकांना दिलेली कर्जे तातडीने वसूल करायला लावले. त्यामुळे वेळेवर हप्ते भरणारे कर्जदारही अडचणीत आले. एशिया वेल्थ आणि मेफ्लॉवर या दोन बँकांचे परवाने २००५ मध्ये रद्द झाले. योमा बँक बुडाली नाही, पण ठेवी घेणे व कर्जे देणे बंद होऊन तिच्याकडे मुख्यतः देशांतर्गत पैसे पाठवण्याचे काम उरले. पूर्ण परवाना परत मिळायला २०१२ उजाडले. नऊ वर्षे बँक केवळ पैसे इकडून तिकडे पोहोचवत होती; आणि पुढे २०१६ मध्ये टेलिनॉर या नॉर्वेच्या मोबाइल कंपनीच्या भागीदारीत सुरू झालेली ‘वेव्ह मनी’ नेमके हेच काम कोपऱ्यावरच्या दुकानदारांमार्फत देशभर करू लागली. बँकेत खातेच नसलेल्या लोकांची संख्या तेथे एवढी मोठी होती, की या सेवेला ग्राहक शोधावे लागले नाहीत.

दरम्यान २००६ मध्ये ‘योमा स्ट्रॅटेजिक होल्डिंग्ज’ सिंगापूरच्या शेअर बाजारात आली. मालमत्ता यांगूनमध्ये आणि हिशेब सिंगापूरच्या नियमांनी, ही मांडणी समूहाची खरी ताकद ठरली. लष्करशहांच्या मर्जीतले अनेक बर्मी धनाढ्य अमेरिकेच्या निर्बंधयादीत अडकले. पन त्या यादीत नव्हते. त्यांच्या स्वच्छ प्रतिमेचा परदेशी वृत्तपत्रांनी बराच गौरव केला. तो पूर्णपणे चुकीचा नाही, मात्र जमीन, परवाने व भाडेपट्टे हे सारे सरकारच्याच हातून येत असताना कोणीही बडा विकासक सत्तेपासून अलिप्त राहणे अशक्यच होते.

२०११ नंतर निर्बंध सैल होताच परदेशी कंपन्यांना विश्वासार्ह स्थानिक भागीदार हवा होता, आणि असे भागीदार मोजकेच होते. केएफसी (२०१५), इंडोनेशियाच्या लिप्पो समूहासह रुग्णालये, ब्रिटनच्या डलिच कॉलेजची शाळा, न्यू हॉलंडचे ट्रॅक्टर, बगानच्या देवळांवरून उडणारे प्रवासी बलून, सगळे या समूहात आले. बाहेरून ही खिचडी वाटते. पण बहुतेक सेवांचा अभाव असलेल्या देशात जी उणीव दिसेल ती भरून काढणे हाच धंद्याचा सरळ मार्ग होता. बागो नदीपलीकडे थानलिन येथे ‘स्टार सिटी’ ही सदनिकांची वसाहत उभी राहिली. यांगूनच्या मध्यभागी, बोज्योक बाजाराशेजारी, ब्रिटिश काळातील रेल्वे मुख्यालयाची इमारत जतन करून तिचे पेनिन्सुला हॉटेल करण्याची ‘योमा सेंट्रल’ योजना सर्वांत महत्त्वाकांक्षी होती. २५ मार्च २०१६ रोजी यांगून शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले तेव्हा सूचीतील पहिली आणि त्या दिवशी एकमेव कंपनी एफएमआय होती. २०१९ मध्ये फिलिपिन्सच्या आयाला समूहाने योमा व एफएमआयमध्ये २३.७५ कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावाने हे चित्र पालटले. योमा सेंट्रलचे काम थांबले. टेलिनॉरने देश सोडताना वेव्ह मनीतील आपला ५१ टक्के हिस्सा योमाला विकला. समूहाचे दैनंदिन नेतृत्व त्याआधीच, २०१५ पासून, पन यांचे पुत्र मेल्विन यांच्याकडे आले होते. चाट म्हणजे स्थानिक चलन घसरत गेले, तशी ज्यांच्याकडे बचत होती ती माणसे पैसा घरांत गुंतवू लागली, आणि एकीकडे हॉटेलचा सांगाडा अर्धवट उभा असताना स्टार सिटीतील सदनिकांना मात्र मागणी वाढली.