एमजीबीचा अँटी-रोल बार: गाडीखाली कोणता आहे, त्याला कोणता जुळेल

जुन्या एमजीबीच्या (एमजी या ब्रिटिश कंपनीच्या स्पोर्ट्स कारच्या) बारची मागणी बहुधा वर्षावर येते: अमुक सालची गाडी, पुढचा बार पाठवा. वर्षावरून पाठवलेला बार बसतो, पण जुळतोच असं नाही. ही गाडी १९६२ ते १९८० निघत होती आणि त्यानंतर कितीतरी हातांतून फिरली. कुणी जाड बार घातला, कुणी पुढचा काढूनच ठेवला, कुणी दुसऱ्याच गाडीच्या लिंक बसवल्या. म्हणून आरसी बुकातलं साल बाजूला ठेवा आणि गाडीखाली जे आहे ते मोजा. कसं मोजायचं, ते या पत्रकात आहे. मोजायची पद्धत दुसऱ्या कुठल्याही जुन्या स्पोर्ट्स कारला चालेल. आकडे मात्र एमजीबीचे आहेत.

विलायती कॅटलॉगात याला अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकन दुकानं स्वे बार म्हणतात आणि आपल्याकडचे मेकॅनिक स्टॅबिलायझर. ऑर्डर देताना यातलं काहीही लिहा, आम्हाला कळतं.

बार करतो काय

बारची दोन टोकं दोन्ही बाजूंच्या खालच्या विशबोनला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हाताला) लिंकने, म्हणजे छोट्या जोडदांड्याने, जोडलेली असतात आणि मधला भाग रबरी बुशमध्ये चॅसीला धरलेला असतो. पूर्ण रुंदीच्या रम्बलरवरून जाताना दोन्ही चाकं एकदम वर येतात. तेव्हा बार बुशमध्ये नुसता फिरतो, काही काम करत नाही. वळणावर गाडी कलली, किंवा एकच चाक डांबराच्या कडेवरून खाली तांबड्या मातीत उतरलं, की बारला पीळ बसतो आणि तो पीळ दोन चाकांमधला फरक कमी करू पाहतो. हे ध्यानात ठेवलं की आवाजावरूनही निदान होतं. खडखड फक्त एका चाकाच्या खड्ड्यात येत असेल तर आधी लिंक आणि बुश बघा. रम्बलरवरही तसाच आवाज येत असेल तर दोष बहुधा शॉक ॲब्सॉर्बर किंवा किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्यात) आहे, आणि बारवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

कारखान्यातून काय आलं होतं

क्रोम बंपरच्या गाड्यांना पुढे ९/१६ इंचाचा बार. मागे काही नाही. सुरुवातीच्या रोडस्टरवर (उघड्या टपाच्या गाडीवर) हा बार जास्तीच्या यादीत होता, म्हणजे घेणाऱ्याने मागितला तरच यायचा. १९६५ मध्ये आलेल्या जीटीला (बंद टपाच्या गाडीला) तो पहिल्यापासून होता. १९७४ च्या उत्तरार्धात रबर बंपर आला, गाडी सुमारे दीड इंच उंच झाली, आणि नेमका तेव्हाच रोडस्टरचा पुढचा बार काढला गेला. उंच गाडी आणि बार नाही, त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाड्या वळणावर सगळ्यांत जास्त कलतात. १९७७ च्या मॉडेलपासून पुढच्या बाजूला जाड बार आला आणि मागेही पहिल्यांदाच बार बसला.

तुमची गाडी मधल्या काळातली असेल तर नवा बार मागवण्याआधी चॅसीला बार धरणाऱ्या पट्ट्यांची भोकं आणि विशबोनकडे लिंकची जागा आहे का ते बघा. नसेल तर नुसता बार घेऊन उपयोग नाही, पूर्ण संच लागतो.

मोजायच्या आधी

पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवा, किंवा पिटवर घ्या. जॅक वापरत असाल तर दोन्ही बाजू सारख्या उंच करून चॅसीखाली स्टँड द्या. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. एकच चाक उचलून लिंकचा नट कधीही सोडवू नका. त्या वेळी बारला पीळ असतो, नट सुटताच टोक झटक्याने फिरतं आणि बोट सापडतं.

बारवरची माती धुवून घ्या. मधल्या सरळ भागात दोनतीन ठिकाणी बोटभर रुंदीत रंग आणि गंज धातू दिसेपर्यंत खरवडा. वाकवलेल्या जागी मोजू नका, तिथे गोलाई थोडी चपटी झालेली असते. बुशखालीही नको, तिथे बार झिजलेला असतो.

जाडी

व्हर्निअर असेल तर प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात दोन मापं घ्या. नसेल तर कागदाची अरुंद पट्टी बारभोवती घट्ट गुंडाळा, जिथे कागद कागदावर येतो तिथे टाचणीने दोन्ही थर टोचा, पट्टी उलगडून दोन भोकांमधलं अंतर फूटपट्टीने मोजा. हा झाला घेर. नेहमीच्या जाड्यांचे घेर एकमेकांपासून इतके लांब आहेत की चूक होणं कठीण:

९/१६ इंच (१४.२९ मिमी): घेर ४५ मिमी, ताठपणा १
५/८ इंच (१५.८८ मिमी): घेर ५० मिमी, ताठपणा १.५
११/१६ इंच (१७.४६ मिमी): घेर ५५ मिमी, ताठपणा २.२
३/४ इंच (१९.०५ मिमी): घेर ६० मिमी, ताठपणा ३.२
७/८ इंच (२२.२३ मिमी): घेर ७० मिमी, ताठपणा ५.९

शेवटचा आकडा ९/१६ च्या बारच्या किती पट, असा वाचायचा. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून जेमतेम दीड मिलिमीटर वाढला तरी बार दीडपट ताठ होतो. रंग न खरवडता मोजलं तर पावडर कोटिंगमुळे व्यास साधारण ०.१ ते ०.२ मिमी जास्त येतो. तेवढ्याने वरची ओळ चुकत नाही. गंजाचे पापुद्रे मात्र फसवतात.

भरीव की पोकळ

बाजारात मिळणारे काही जाड बार नळीचे असतात आणि टोकं दाबून बंद केलेली असल्यामुळे वरून कळत नाही. बार निघालेला असेल तर वजन करा. घर बांधताना सळईचं वजन काढायचं जे सूत्र ठेकेदार वापरतो तेच इथे चालतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे दर मीटरला किलो. ९/१६ चा भरीव बार मीटरला सव्वा किलोच्या आसपास येतो, ३/४ चा सव्वादोन. लांबी सरळ टोक ते टोक न घेता दोरी बारच्या वळणांवरून नेऊन मोजा. वजन हिशेबाच्या निम्म्याच्या आसपास आलं तर नळी आहे.

नळी कमी प्रतीची असते, हा समज चुकीचा आहे. २२ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीची नळी तेवढ्याच व्यासाच्या भरीव बारच्या जवळजवळ ७२ टक्के ताठ असते आणि वजन ४७ टक्के. म्हणजे ती साधारण २०.३ मिमीच्या भरीव बारसारखी वागते. जुळवताना बाहेरचा व्यास न बघता हा आकडा बघायचा.

आकार

फक्त जाडी जुळली म्हणून बार बसत नाही. बार मोठ्या पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढा आणि त्यावर ही मापं लिहा: दोन डोळ्यांच्या (टोकांना लिंकसाठी असलेल्या भोकांच्या) मध्यांमधलं अंतर, दोन बुशच्या मध्यांमधलं अंतर, मधल्या सरळ भागाच्या मध्यरेषेपासून डोळ्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर, आणि डोळ्याच्या भोकाचा व्यास. तिसऱ्या मापाला आम्ही हात म्हणतो आणि लोक नेमकं तेच विसरतात. हात दहा टक्के आखूड झाला तर तोच बार चाकाशी सुमारे २३ टक्के जास्त ताठ लागतो. एकाच जाडीचे दोन बार गाडीत वेगळे का वाटतात, याचं कारण बहुधा इथे सापडतं.

मग बार सपाट ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. दोन्ही डोळे सारखे टेकले पाहिजेत. एक डोळा चार-पाच मिलिमीटर वर राहत असेल तर बार पिळलेला आहे, गाडी सरळ उभी असतानाही तो एका चाकावर जास्त भार देणार. तापवून सरळ करायला कुणी तयार असेल तर नको म्हणा.

लिंक, बुश, नट

एमजीबीच्या लिंक डाव्या-उजव्या वेगळ्या असतात. अदलाबदल झाली की बार तिरका ओढला जातो आणि बुश काही महिन्यांत फाटतं. काढण्याआधी दोन्हींचे फोटो काढा आणि खूण करा.

नट-बोल्ट यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे आहेत. ५/१६ यूएनएफ आणि ८ एमएम यांचा व्यास जवळजवळ सारखा, आटे मात्र वेगळे. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातला ८ एमएमचा नट एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की लिंक गेली. पान्यांचंही तसंच: १/२ इंचाच्या नटाला १३ चा पाना चालून जातो, पण ९/१६ ला १४ चा बसत नाही आणि १५ चा कोपरे खातो. इंची पाने घ्या.

बुशचं भोक बारच्या व्यासाइतकं किंवा किंचित लहान हवं. ९/१६ चं बुश ताणून ५/८ वर चढतं, पण वरची पट्टी चॅसीला टेकत नाही आणि बोल्ट ओढून बसवला की बुश फिरायचंच थांबतं. उलट मोठं बुश लहान बारवर घातलं तर पहिल्या खड्ड्यापासून खडखड. बुशशेजारी बारवर आवळलेली छोटी पट्टी असते, ती बार बाजूला सरकू नये म्हणून. ती हरवलेली असली तर बार हळूहळू एका बाजूला जातो आणि चाक पूर्ण वळवल्यावर घासतो.

रबर की पॉलियुरेथेन? आपल्या हवेत आमचा कल रबराकडे आहे. पॉलियुरेथेन टिकतं, पण बारीक तांबडी माती आत शिरली की ते बारला पॉलिश पेपरसारखं घासतं, आणि सिलिकॉन ग्रीस सुकलं की कुरकुरतं. साधं ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं.

कोणता बार कुणाला

क्रोम बंपरची मूळ गाडी, शॉक ॲब्सॉर्बर ठीक, वापर पणजी-मडगाव आणि रविवारी चोर्ला घाट: पुढे ५/८ पुरतो. ३/४ घालायचा तर आधी लिव्हरचे शॉक ॲब्सॉर्बर दुरुस्त करून घ्या, नाहीतर गाडी कलत नाही पण उसळते. ७/८ आम्ही रस्त्याच्या गाडीला सुचवत नाही. पुढचा बार जसा जाड होतो तशी पुढची चाकं पकड लवकर सोडतात, आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जात राहणं हे कुणालाच परवडणारं नाही. शिवाय तो भार लिंक आणि विशबोनच्या बुशवर येतो, पुढे तेच मोडतात.

मागचा बार एकटा कधीही घालू नका. मागचा बार मागची पकड कमी करतो. पुढे बार नसताना किंवा पुढचा बारीक असताना तो घातला की घाटात गाडीची शेपूट बाहेर पडते. रबर बंपरच्या गाडीत मागचा बार असून पुढचा काढलेला आढळला, तर पुढचा येईपर्यंत मागच्याच्या लिंक सोडून ठेवा.

स्थानिक नकला

चांगला फॅब्रिकेटर साध्या ईएन-८ च्या (मध्यम कार्बनच्या पोलादाच्या) दांड्यापासून हुबेहूब बार वाकवून देतो आणि पहिल्या दिवशी तो अगदी मूळ बारसारखा चालतो. ताठपणा पोलादाच्या प्रतीवर जवळजवळ अवलंबून नसतो, म्हणून फरक जाणवत नाही. फरक पुढे पडतो: स्प्रिंगचं पोलाद आणि योग्य उष्णोपचार नसेल तर बार कायमचा पिळतो किंवा वळणाजवळ तडकतो. तुटलेल्या बारला वेल्डिंगही नको, वेल्डिंगच्या शेजारची जागा ठिसूळ होते आणि तिथेच पुन्हा तुटतं. शोसाठी क्रोम करणारेही आहेत. मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद त्याने तडकू शकतं. रंग किंवा पावडर कोटिंग करा.

खाऱ्या हवेत बार बुशच्या कडेला सगळ्यांत आधी गंजतो, कारण तिथे पाणी साचून राहतं. खड्डे नखाला लागत असतील, किंवा झीज अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेली असेल, तर तो बार बदला. जूनपासून चतुर्थीपर्यंत गाडी झाकून ठेवणार असाल तर त्याआधी बुश उघडून ती जागा कोरडी करा, रंगाचा हात द्या.

बसवताना

सगळे नट हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढचा भाग दोनतीनदा दाबून सोडा आणि मगच आवळा. हवेत लोंबकळत्या चाकांवर आवळलं तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बार कुठे लागत नाही ना ते बघा, आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

आम्हाला काय पाठवायचं

टोचलेल्या कागदी पट्टीचा फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून. पुठ्ठ्यावरच्या आकृतीचा फोटो मापांसह. दोन्ही लिंकचे फोटो. मागे बार आहे की नाही. बंपर क्रोम की रबर. आणि शॉक ॲब्सॉर्बर मूळ लिव्हरचे की बदललेले. बार इंग्लंडहून मागवावा लागला तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर वेगळे, आणि परत पाठवणं महागात पडतं, म्हणून ही मापं हातात येईपर्यंत आम्ही ऑर्डर लावत नाही.